आद्यत्वाचा दाखला कोणाकडे मागायचा?

गेल्या महिन्यात एका तालुक्याच्या अभ्यासवर्गात वनजमिनीच्या दाव्यांवर चर्चा चालली होती. ती रंगात आली असता एक तरुण साथी उठला आणि म्हणाला, "ही कलमे आणि पोटकलमे हवीत कशाला? या डोंगरात आम्ही सर्वांच्या आधी आलो, बाकीचे मागाहून आले. एवढे सिद्ध केले की जमीन आमची." टाळ्या पडल्या. त्याच्या शेजारी दुसरा एक साथी बसला होता. त्याच्या घरच्या तीन पिढ्यांनी त्याच डोंगराच्या उतारावर नाचणी पिकवली आहे, परंतु आदिवासी म्हणून त्याची नोंद नाही. त्याने टाळी वाजवली नाही. मान खाली घालून तो बसून राहिला. संघटनेने लढायला शिकवलेल्या दोन माणसांत एका वाक्याने भिंत उभी केली, आणि आम्ही त्या भिंतीला टाळ्या दिल्या.

मी त्या दिवशी उत्तर देऊ लागलो ते इंग्लंडच्या इतिहासापासून. वेळ थोडा होता, मंडळी जेवणासाठी उठली, आणि उत्तर तोकडे राहिले. ते येथे पुरे करतो. इंग्लंडच कशासाठी, असे कोणी विचारील. मध्ययुगातील उत्पत्तिकथा आणि धर्मांतरकथा उकरून त्यांतून आजचा हक्क सिद्ध करण्याचा खेळ त्या देशात सोळाव्या व सतराव्या शतकांत राजाने, बिशपाने, जमीनदाराने आणि भूमिहीनानेही शेवटपर्यंत खेळून पाहिला आहे. त्याचा निकाल आपल्यासमोर आहे. शिवाय आपल्याकडील वादाची एक फांदी त्याच झाडाची आहे. ते पुढे येईलच.

इ. स. ७३१ च्या सुमारास उत्तर इंग्लंडमधील जॅरो येथील मठात बीड नावाच्या विद्वान मठवासीयाने (आपल्या मराठवाड्यातील बीडशी याचा संबंध केवळ नामसाधर्म्याचा) इंग्रज लोकांच्या धर्मेतिहासाचा ग्रंथ लॅटिनमध्ये पुरा केला. त्यात परंपरेने आलेली म्हणून त्याने एक कथा दिली आहे. रोमच्या बाजारात विकावयास आणलेली काही मुले ग्रेगरी नावाच्या धर्मपुरुषाच्या दृष्टीस पडली. गोरा वर्ण, रेखीव चेहरे, सुंदर केस. ही कोण, असे त्याने विचारले. 'अँग्ली', असे उत्तर आले. ग्रेगरी म्हणाला, हे तर 'एंजेली', म्हणजे देवदूत. यांचा प्रांत कोणता? 'दैरा'. मग यांना 'दे इरा', म्हणजे ईश्वरी कोपातून, सोडवले पाहिजे. राजा कोण? 'एला'. मग तेथे 'आलेलुया'चा घोष झाला पाहिजे. पुढे हा ग्रेगरी पोप झाला आणि त्याने पाठवलेला ऑगस्टीन ५९७ मध्ये केंटच्या किनाऱ्यावर उतरला. इंग्रजांच्या धर्मांतराची ही मूळ कथा. आठशे वर्षे ती मठामठांतून भक्तिभावाने वाचली गेली.

सोळाव्या शतकात इंग्लंडने रोमशी नाते तोडले आणि तीच कथा एकाएकी रणभूमी बनली. जॉन बेल हा कडवा प्रॉटेस्टंट लेखक. १५४६ मध्ये त्याने या कथेत पोपची करुणा नव्हे, तर ब्रह्मचर्याचे सोंग घेणाऱ्या पुरोहिताची वासना वाचली. सुंदर मुलांकडे हा इतके निरखून का पाहत होता, असा त्याचा रोख. १५६५ मध्ये टॉमस स्टेपल्टन या परागंदा कॅथलिकाने बीडचा ग्रंथ इंग्रजीत आणून अँटवर्पला छापला आणि तो खुद्द एलिझाबेथ राणीला अर्पण केला. तुझ्या प्रजेला धर्म मिळाला तो रोमकडून, तेव्हा मुकाट्याने रोमकडे परत ये, असा त्या अर्पणपत्रिकेचा अर्थ होता. १६०५ मध्ये रिचर्ड व्हर्स्टेगनने इंग्रजांचा मूळ शोध धर्मावरून रक्ताकडे नेला. इंग्रज हे कोणाकडून न जिंकल्या गेलेल्या, कोणाशी न मिसळलेल्या जर्मन कुळाचे, हे त्याचे प्रतिपादन. एकाला वासना दिसली, दुसऱ्याला पोप दिसला, तिसऱ्याला वंश दिसला.

ती मुले विकायला आली होती, हे मात्र कथेच्या पहिल्याच वाक्यात असूनही वादाच्या बाहेर राहिले. त्यांना कोणी पकडले, कोणत्या व्यापाऱ्याने समुद्र ओलांडून आणले, पुढे त्यांचे काय झाले, याबद्दल बीड काही सांगत नाही आणि त्याचे भांडखोर वाचकही विचारत नाहीत. ग्रेगरीचे ५९५ सालचे एक पत्र उपलब्ध आहे. गॉलमधील मालमत्तेच्या उत्पन्नातून सतरा-अठरा वर्षांची इंग्रज मुले विकत घ्यावीत आणि मठांत ठेवावीत, असे त्यात तो आपल्या प्रतिनिधीला लिहितो. म्हणजे बाजार खरा होता, भावही ठरत होता. ज्या कथेवर एका राष्ट्राच्या दोन धर्मपक्षांनी शंभर वर्षे शाई आणि रक्त सांडले, तिचा आरंभ गुलामांच्या बाजारात होतो, आणि गुलाम कोणाचाच पूर्वज ठरत नाही! आपल्या साथींनी जुने ग्रंथ वाचताना ही खूण ध्यानात ठेवावी. कथेत ज्याला नाव नाही तो कोण, हे आधी पाहावे.

बीडच्याच ग्रंथात याहून आखूड अशी दुसरी एक हकिगत आहे. दुसऱ्या शतकात ल्यूशियस नावाच्या ब्रिटनच्या राजाने पोप एल्यूथेरियसला पत्र पाठवून आपल्याला ख्रिस्ती करून घेण्याची विनंती केली, एवढीच ती. बीडने ती रोममधील पोपांच्या जुन्या चरित्रावलीतून उचलली. तेराव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये कोणा कल्पक लेखणीने या पत्राला पोपचे उत्तरही तयार केले. त्यात पोप राजाला सांगतो की, तुझ्या राज्यात ईश्वराचा प्रतिनिधी तूच आहेस. आठव्या हेन्रीला राणी सोडायची होती आणि पोप परवानगी देत नव्हता. १५३० च्या सुमारास त्याच्या पंडितांनी हे पत्र दप्तरांतून शोधून काढले. १५३३ च्या प्रसिद्ध कायद्याने रोमकडे अपील करण्याचा मार्ग बंद केला. त्याच्या प्रस्तावनेतच म्हटले आहे की, जुन्या व विश्वसनीय बखरींवरून इंग्लंड हे स्वयंपूर्ण साम्राज्य असल्याचे सिद्ध होते. त्यापुढची सात वर्षे पाहा. १५३६ ते १५४० या काळात आठशेंहून अधिक मठ मोडले गेले, त्यांच्या जमिनी राजाकडे आल्या, आणि राजाकडून दरबारी, व्यापारी व लहानमोठे जमीनदार यांच्या खिशात गेल्या.

ल्यूशियसच्या पत्राने ही उलथापालथ घडवली, असे म्हणण्याइतका मी भाबडा नाही. ती घडवली तिजोरीच्या गरजेने आणि जमिनीच्या भुकेने. पत्र हे खरेदीखतावर चिकटवलेले तिकीट होते. परंतु तिकिटावाचून खत नोंदवले जात नाही, हेही आपल्यापैकी ज्यांनी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत चकरा मारल्या आहेत त्यांना सांगायला नको.

कॅथलिक पक्षाने उत्तर दिले. रॉबर्ट पर्सन्स या जेझुइटाने १६०३-०४ मध्ये इंग्लंडची तीन धर्मांतरे दाखवणारा विस्तृत ग्रंथ लिहिला. प्रेषितांच्या काळचे पहिले, ल्यूशियसचे दुसरे, ऑगस्टीनचे तिसरे, आणि तिन्ही रोमच्याच हातून! दुसऱ्या बाजूला एलिझाबेथचा आर्चबिशप मॅथ्यू पार्कर याने मोडलेल्या मठांतून विखुरलेली हस्तलिखिते गोळा केली, जुन्या इंग्रजीचे खास टाइप पाडवून घेतले आणि सॅक्सन काळातील प्रवचन छापून दाखवले की, पाव आणि मद्य यांबाबतचा रोमचा सिद्धान्त आमच्या पूर्वजांना मान्यच नव्हता. या वैरातून एक उपकार मात्र घडला. पार्करने जमवलेली पुस्तके केंब्रिजच्या कॉर्पस क्रिस्टी कॉलेजात आजही आहेत. भांडण नसते तर त्यांतील कित्येक पाने सामान बांधण्याच्या कामी गेली असती.

हे भांडण कोणत्या थराला गेले त्याचा एकच नमुना देतो. चेस्टरच्या लढाईत एथेलफ्रिथ या अख्रिस्ती राजाने बँगोरच्या मठातील सुमारे बाराशे ब्रिटिश मठवासी कापून काढले, असे बीड सांगतो. या मठवासीयांनी पूर्वी ऑगस्टीनचे वर्चस्व नाकारले होते. तेव्हा प्रॉटेस्टंटांनी आरोप केला की, कत्तलीमागे ऑगस्टीनच होता. कॅथलिक म्हणाले, वाचा की! ऑगस्टीन त्यापूर्वीच वारला होता असे बीडने लिहिले आहे. त्यावर प्रॉटेस्टंट म्हणाले, ते वाक्य मागाहून घुसडलेले आहे, कारण बीडच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात ते नाही. बाराशे माणसे कापली गेली आणि विद्वानांनी एका वाक्याचे शवविच्छेदन केले.

याच भांडणाने देशाबाहेर फेकलेला एक इंग्रज आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. टॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि १६१६ मध्ये त्याचे ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांत छापले गेले. १५८१ मध्ये लंडनला एडमंड कॅम्पियन या त्याच्याच संघातील जेझुइटाला फासावर चढवले जात असताना स्टीफन्स साष्टीत होता. ज्या पोर्तुगीज सत्तेने १५६७ मध्ये त्याच साष्टीतील देवळे पाडली, तिच्या छायेत तो सेवा करीत होता. तिकडे छळ सोसणाऱ्या पंथाचा, इकडे छळणाऱ्या सत्तेचा आश्रित. त्याच्या मराठीवरील प्रेमाबद्दल मला आदरच आहे. परंतु छळ सोसल्याने कोणाला कायमचे पावित्र्य प्राप्त होत नाही, आणि ते वारशाने तर मुळीच उतरत नाही, हे त्याच्याइतके दुसरा कोणी क्वचितच दाखवून देतो.

आता माझ्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत बोलके प्रकरण सांगतो. ते स्कॉटलंडचे आहे. स्कॉट लोकांचा पहिला राजा फर्गस इ. स. पूर्व ३३० मध्ये आयर्लंडहून आला आणि त्याच्यापासून राजांची अखंड मालिका चालू झाली, अशी मध्ययुगीन कथा. १५६७ मध्ये स्कॉटलंडच्या सरदारांनी मेरी राणीला पदच्युत केले. या कृत्याचे समर्थन करण्याचे काम जॉर्ज ब्यूकॅनन या थोर मानवतावादी पंडिताने अंगावर घेतले. १५८२ च्या आपल्या इतिहासात त्याने दाखवले की, फर्गसला लोकांनी निवडले होते, आणि त्याच्या मागून आलेल्या पहिल्या चाळीस राजांपैकी जे जे अन्यायी निघाले त्यांना लोकांनी खाली ओढले. म्हणून राजा हा लोकांचा नेमलेला अधिकारी आहे. विचार केवढा तेजस्वी! आणि पाया? फर्गस.

ब्यूकॅनन हा मेरीच्या मुलाचा, बालराजा सहाव्या जेम्सचा, शिक्षक होता. शिष्य मोठा झाला. १५८४ मध्ये गुरूच्या ग्रंथावर बंदी आली. १५९८ मध्ये जेम्सने स्वतः राजसत्तेवर पुस्तक लिहिले आणि त्यातही फर्गस आहेच. फक्त शिष्याचा फर्गस निवडून आलेला नाही. तो विरळ वस्तीच्या, रानटी प्रदेशात उतरला, धनी झाला, कायदे त्याने केले. म्हणून जमीन राजाची, कायदा राजाचा, आणि संसद ही मागाहून आलेली पाहुणी. एकच पूर्वज गुरूच्या हाती प्रजेचा मुखत्यार झाला आणि शिष्याच्या हाती सबंध देशाचा खातेदार झाला.

कथा इथे संपत नाही. १७२९ मध्ये टॉमस इनेस या कॅथलिक धर्मगुरूने साधने बारकाईने तपासून सिद्ध केले की, फर्गसनंतरचे ते चाळीस राजे मुळात नव्हतेच. ते मध्ययुगीन बखरकारांची निर्मिती होते. इतिहासशास्त्राच्या दृष्टीने इनेसचे काम अस्सल होते आणि ते टिकले. पण इनेस कोणाचा माणूस होता? पदच्युत होऊन परदेशात राहिलेल्या स्टुअर्ट घराण्याचा. राजे खोटे ठरले म्हणजे त्यांना खाली ओढल्याचे दाखलेही खोटे ठरतात आणि राजाला पदच्युत करण्याच्या हक्काखालची जमीन सरकते, हा त्याचा उघड हेतू होता.

आपल्या काही बुद्धिमान साथींची अशी समजूत आहे की, मिथकाचा खोटेपणा उघडा केला की लोक मुक्त होतील, कारण सत्य हे नेहमी आपल्याच बाजूला असते. ही समजूत सोडून द्यावी. इनेस बरोबर होता आणि इनेस प्रतिगामी होता. सत्यशोधन केलेच पाहिजे, पण प्रजेचा हक्क फर्गसच्या खुंटीला टांगून ठेवलात, तर खुंटी उपटणारा पहिला प्रामाणिक संशोधक तो हक्कही धुळीत पाडतो, आणि त्या वेळी तुम्हांला संशोधकालाच शिव्या घालाव्या लागतात.

इंग्लंडमधील गरिबांनी काय केले, ते आता पाहू. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. सतराव्या शतकात, राजा आणि संसद यांच्या यादवीच्या काळात, या घटनेभोवती एक प्रतिकथा उभी राहिली. विल्यमपूर्वी सॅक्सन लोक स्वतंत्र होते, त्यांचे कायदे लोकांच्या भाषेत होते. विल्यमने मानेवर जोखड ठेवले. आजचे राजे, सरदार, जमीनदार हे त्याच्या लुटारू सेनानींचे वारस. हे 'नॉर्मन जोखड' लेव्हलर पक्षाच्या पत्रकांतून गावोगाव गेले. १६४६ मध्ये रिचर्ड ओव्हर्टनने संसदेलाच खडसावले की, आमचे पूर्वज कोणीही असोत, त्यांनी काहीही सोसले असो, आम्ही या काळची माणसे आहोत आणि आम्ही मोकळे असले पाहिजे. मॅग्ना कार्टाची आरती ओवाळणाऱ्यांना त्याचा सहकारी विल्यम वॉल्विन सांगत होता की, तुमची ती सनद आमच्या हक्कांचा एक तुकडा आहे, जिंकणाऱ्याच्या हातून कसाबसा हिसकावलेला.

राजाला ३० जानेवारी १६४९ रोजी मारले गेले. त्याच वर्षी १ एप्रिलला जेरार्ड विन्स्टनली आणि त्याचे मूठभर सोबती सरी परगण्यातील सेंट जॉर्जच्या टेकडीवर, पडीक गायरानात, कुदळी घेऊन गेले आणि त्यांनी गाजरे व शेंगभाज्या पेरल्या. विन्स्टनलीच्या लिखाणात नॉर्मन जोखड पानोपानी येते. विल्यमच्या कप्तानांना वाटलेली जमीन म्हणजे आजच्या जहागिरी, आणि त्याचे राज्य व्यासपीठावरून गाजवल्याबद्दल धर्मगुरूंना मिळालेली बिदागी म्हणजे दशांश कर, अशी त्याची मांडणी. पण नीट वाचले तर दिसते की, तो सॅक्सन रक्ताचा वारसा मागत नाही. जमीन हिसकावली कशी, एवढेच तो विल्यमकडून शिकतो. ती कोणाची, याचे उत्तर तो सृष्टीपासून आणि विवेकापासून घेतो: पृथ्वी ही सर्वांची सामायिक ठेव म्हणून निर्माण झाली. त्यामुळे टेकडीवर कोण खणू शकतो, याला त्याच्याकडे वंशावळीची अट नाही. जो भुकेला आहे आणि कुदळ उचलतो, तो. टेकडीवरून हाकलल्यावर ही मंडळी जवळच्या कॉबमला गेली. तेथील जमीनदार स्वतः धर्मोपदेशक होता. एप्रिल १६५० मध्ये त्यांच्या झोपड्या जाळल्या गेल्या.

लेव्हलरांची प्रतिकथा कितपत खरी होती? विल्यमच्याच आज्ञेने १०८६ मध्ये झालेल्या मोजणीत, जिला डूम्सडे बुक म्हणतात, नोंदलेल्या लोकसंख्येपैकी सुमारे एक दशांश माणसे गुलाम आहेत. ही गुलामी नॉर्मनांनी आणलेली नव्हती. ती सॅक्सन 'स्वातंत्र्या'च्या अंगणातली होती, आणि पुढच्या दोनतीन पिढ्यांत, नॉर्मन राजवटीतच, ती मावळून तिची जागा वेठीने घेतली. रोमच्या बाजारातील ती दैराची मुले आठवा. त्यानंतर १६८० च्या दशकात राजपक्षाचा रॉबर्ट ब्रेडी पुढे आला. हा केंब्रिजचा वैद्य. त्याने जुनी दप्तरे चाळून दाखवले की, सामान्य लोकांचे प्रतिनिधी १२६५ पूर्वी संसदेत बसतच नव्हते. अनादिकाळापासूनच्या संसदेच्या गप्पा व्यर्थ आहेत. प्रजेचे हक्क म्हणजे राजांनी वेळोवेळी दिलेल्या देणग्या, आणि दिलेली देणगी परतही घेता येते. पुन्हा तेच! चांगला इतिहास, वाईट पक्ष. आणि ज्यांनी आपला हक्क प्राचीनत्वावर उभारला होता त्यांच्याजवळ ब्रेडीला देण्यासारखे सरळ उत्तर नव्हते. ओव्हर्टनजवळ होते, विन्स्टनलीजवळ होते. पण त्यांना केव्हाच गाडले गेले होते.

सॅक्सन रक्ताच्या अभिमानाचे पुढे काय झाले? १७७६ मध्ये अमेरिकेची राजमुद्रा ठरत असताना टॉमस जेफर्सनने सुचवले की, तिच्या एका बाजूला हेंगिस्ट आणि हॉर्सा या सॅक्सन आद्यपुरुषांचे चित्र असावे. सुचवणारा माणूस गुलामांचा मालक होता. एकोणिसाव्या शतकात हाच अभिमान अँग्लो-सॅक्सन वंशश्रेष्ठत्वाच्या रूपाने साम्राज्याचा धर्म बनला आणि कलेक्टरच्या टोपीखालून आपल्या गावात आला. भूमिहीनांनी जोखड झुगारण्यासाठी घडवलेली कथा तिसऱ्या-चौथ्या पिढीत इतरांच्या मानेवर जोखड ठेवण्याच्या कामी आली.

मघाशी म्हटलेली फांदी ती हीच. टॉमस पेनने १७७६ मध्ये विल्यमची यथेच्छ टर उडवली. पुढे १७९१ मध्ये बर्कला उत्तर देताना त्याने मुद्द्याला हात घातला. जे जुने दाखले देतात ते मध्येच कुठेतरी थांबतात, शंभर किंवा हजार वर्षांवर. का थांबता? मागे जायचेच तर माणूस निर्माण झाला तिथपर्यंत जा. तिथे राजा नाही, सरदार नाही, फक्त माणूस आहे. पेनचा हा ग्रंथ जोतीराव फुल्यांनी तरुणपणी वाचला होता. १८७३ च्या 'गुलामगिरी'त त्यांनी अवतारकथांची उलटतपासणी केली, इराणातून आलेल्या आक्रमकांची आणि बळीराजाच्या राज्याची प्रतिकथा मांडली. बळीच्या नावाने ओवाळणाऱ्या आयाबहिणींच्या ओठांवर जे आधीच होते, त्याला त्यांनी राजकीय अर्थ दिला. त्या कथेने शूद्रातिशूद्रांच्या पाठीचा कणा ताठ केला, हे ऋण मान्य केल्यावाचून मी एक शब्दही पुढे लिहिणार नाही. परंतु फुल्यांनी समतेचा पाया तेथे घातलेला नाही. तो निर्मिकाने सर्व स्त्रीपुरुषांना सारखे निर्माण केले यावर आहे, आणि १८९१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त तो स्वच्छ दिसतो. त्यांचे वारस म्हणवणारे कित्येक जण पहिले पुस्तक हाती धरतात आणि दुसरे फळीवर ठेवतात. डॉ. आंबेडकरांनी तर १९४६ मध्ये शूद्रांच्या उत्पत्तीवर लिहिताना आर्य आक्रमणाचा वांशिक सिद्धान्तच फेटाळला. त्यामुळे त्यांच्या समतेच्या मागणीतला एक कानामात्राही कमी झाला नाही. कारण ती मागणी कोण आधी आले यावर उभी नव्हती.

आज प्राचीन अवशेषांतील जनुके वाचता येतात आणि त्यांवरून दिसते ते एवढेच की, आपण सारे निरनिराळ्या काळी आलेल्या लोकांचे मिश्रण आहोत. उद्या याहून बारीक उत्तर येईल. प्रयोगशाळेच्या प्रत्येक अहवालाबरोबर आपण जमिनीवरचा दावा वाढवायचा आणि घटवायचा काय?

यावर आमचे जुने मित्र म्हणतील की, लोकांना कथा लागते, नुसत्या तर्काने माणूस मोर्चात येत नाही. मान्य. पण कथा दोन प्रकारच्या असतात. 'आम्ही पहिले आलो' ही एक, आणि 'आमच्याकडून हे असे हिसकावले गेले' ही दुसरी. पहिलीला पुरावा फर्गसचा लागतो, आणि तिच्यातून शेजारी वगळला जातो. दुसरीला पुरावा सरकारी दप्तरातच सापडतो, आणि ज्याचे ज्याचे हिसकावले गेले तो तो तिच्यात बसतो. आदिवासींचा विशेष दावा मी नाकारतो आहे, असा अर्थ कोणी काढू नये. तो दावा पक्का आहे, आणि पक्का आहे तो दुसऱ्या कथेवर: १८७८ आणि १९२७ च्या वनकायद्यांनी त्यांच्या पायाखालची रानेच सरकारजमा केली यावर. २००६ च्या वनहक्क कायद्याची भाषाही ऐतिहासिक अन्यायाची आहे, आद्यत्वाची नाही.

मात्र त्याच कायद्याने बिगर-आदिवासी वननिवाशाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा, रहिवास दाखवायला सांगितले आहे. नाचणी पिकवणाऱ्या आमच्या साथीचा दावा येथे अडतो. सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी २०१९ रोजी फेटाळलेल्या दावेदारांना हुसकावण्याचा आदेश दिला आणि २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती दिली. त्या पंधरवड्यात ज्या घरांची झोप उडाली त्यांत दोन्ही साथींची घरे होती. टाळ्या देताना आम्ही हे विसरलो.

तालुक्याने तहसीलदारांना द्यावयाच्या निवेदनाचा मसुदा माझ्याकडे पाठवला आहे. त्यातील मूळ रहिवाशांच्या उज्ज्वल प्राचीनतेवरचे पहिले दोन परिच्छेद मी खोडले आहेत. त्या जागी प्रत्येक पाड्यातील दाव्यांचे क्रमांक, वहिवाटीची वर्षे, वनखात्याने केलेल्या दंडाच्या पावत्या, विहिरी, जुनी स्मशाने आणि वृद्धांचे लेखी जबाब घालावेत. नियमांनी हे सर्व पुरावे ग्राह्य धरले आहेत. दावे दोन वेगळ्या याद्यांत न देता पाडावार एकाच यादीत द्यावेत, आणि पंचाहत्तर वर्षांची अट रद्द करण्याची मागणी पहिल्या पानावर घ्यावी. सह्या घेताना त्या दोघा साथींना एकत्रच पाठवावे. पाडे लांब आहेत आणि पावसापूर्वी हे काम उरकायचे आहे.